राजीखुशीने व अक्कलहुशारीने

आमच्या कवठे येमाईत भांडण पिकायला आलं की कायदा काय सांगतो हे कुणी विचारत नाही. वकील कुठला करायचा, हे विचारतात. वकिलाची विद्वत्ता इथे अंतरावर ठरते. शिरूरचा केला, तर माणूस समजुतीने घेणारा आहे असा गाव निष्कर्ष काढतो. पुण्याचा केला, म्हणजे प्रकरण बांधावरून उठून घरात शिरलं. आणि मुंबईचा केला, तर समोरचा सख्खा भाऊच असणार. परक्या माणसासाठी एवढा खर्च कोण करतो? सकाळी बगलेत फाईल धरून एसटीची वाट बघणारा माणूस रस्त्याच्या कोणत्या अंगाला उभा आहे, यावरून गाव त्याचं दुखणं ओळखतं. मंचरच्या अंगाला असेल तर दवाखाना, मलठणच्या अंगाला असेल तर कोर्ट. दोन्ही ठिकाणी जाणाऱ्यांच्या चेहऱ्यावरची कळा मात्र एकच असते, आणि दोघांनाही परतल्यावर लोक एकच प्रश्न विचारतात, ‘काय म्हणाले?’

वकील न करताही न्यायाच्या दारापर्यंत पोचवणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ होऊन गेली, आजही आहेत. त्यांच्या अंगावर काळा कोट नसतो, गळ्यात पांढरे बँड नसतात, म्हणून ती डोळ्यांत भरत नाहीत एवढंच. तालुक्याच्या कुठल्याही कचेरीबाहेर झाडाच्या सावलीला टेबल टाकून बसणारा अर्ज लिहिणारा घ्या, किंवा बाँडरायटर. पूर्वी त्याच्यापुढे टंकयंत्र असायचं आणि कार्बनपेपरचा निळा डाग त्याच्या अंगठ्यावर कायमचा वस्तीला आलेला असायचा. आता लॅपटॉप आला, प्रिंटर आला, शंभराच्या स्टॅम्पची जागा २०२४ साली पाचशेच्या स्टॅम्पने घेतली, पण त्याची भाषा जागची हललेली नाही. ‘कारणे लिहून देतो की’ या तीन-चार शब्दांनी तो आजही आपल्याला पेशव्यांच्या दप्तरात नेऊन बसवतो. चतुःसीमा सांगताना त्याचा सूर स्तोत्र म्हटल्यासारखा लागतो: पूर्वेस अमक्याची जमीन, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस तमक्याची विहीर. आणि मग येतं ते माझं आवडतं वाक्य. सदर दस्त मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणत्याही दडपणाला बळी न पडता, नशापाणी न करता लिहून देत आहे. मराठी माणसाच्या आयुष्यात या चारही गोष्टी एकाच वेळी जुळून येण्याचा योग फार दुर्मीळ. आमच्या गावात तर तो फक्त स्टॅम्पपेपरवरच आलेला मी पाहिला आहे.

आमचे आण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांच्या मळ्याकडे जाणारी बांधावरची वाट शेजारच्याने एका पावसाळ्यात नांगरून टाकली. ऊस उभा, तोड आली तर ट्रॉली आत न्यायची कुठून, असा पेच पडला. आण्णांनी त्या रात्री जेवताना जाहीर केलं की पुण्याचा वकील करायचा. घरात एक प्रकारचं गांभीर्य पसरलं. वकील ठरण्याआधीच आण्णांच्या चालण्यात फरक पडला. देवळाच्या पारावर बसताना ते धोतराचा सोगा जरा जास्त आवरून घेऊ लागले.

गावात एक निवृत्त गुरुजी आहेत. शाळा सुटली तरी त्यांची शिकवण्याची खोड सुटली नाही म्हणून ते विधी स्वयंसेवक झाले. हे पद सरकारी कागदावर ‘पॅरा लीगल व्हॉलंटिअर’ असं येतं आणि गावात ‘कायद्याचे गुरुजी’ असं. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २००९ साली ही योजना आणली. शिक्षक, अंगणवाडीसेविका, कॉलेजात जाणारी मुलं अशा साध्या माणसांना थोडं प्रशिक्षण द्यायचं आणि कायदा व माणूस यांच्यामधल्या ओढ्यावर त्यांना फळीसारखं टाकायचं, अशी ती कल्पना. त्यांनी कोर्टात उभं राहून बाजू मांडायची नाही, तो अधिकार १९६१ च्या कायद्याने वकिलाचा. दार कुठलं ते दाखवायचं, अर्ज लिहायला मदत करायची आणि दारापाशी थांबायचं.

गुरुजींनी आण्णांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘आण्णा, याला पुण्याचा वकील कशाला? हा मामलेदार कोर्टाचा विषय आहे. १९०६ चा कायदा, कलम पाच. वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दावा घालायचा. ते स्थळपाहणीला येतील, दोघांचं ऐकतील. कागद मी लिहून देतो.’’

आण्णांचा चेहरा पडला. माणसाला आपला आजार साधा आहे हे कळल्यावर आनंद होतो असं डॉक्टर समजतात. भांडणाचं तसं नसतं. तीन पिढ्यांनी जपलेलं वैर, ज्याच्यापायी दोन लग्नांत मानपान राहिले आणि एका मर्तिकाला खांदा दिला गेला नाही, ते वैर एका कलमात आणि दीड पानात मावतं, हा केवढा अपमान! ‘‘म्हणजे आमचं भांडण एवढंसं आहे का गुरुजी?’’ आण्णांनी विचारलं. त्या आवाजातली दुखावलेली अदब मी विसरू शकत नाही. वकिलाने हे कधीच म्हटलं नसतं. तो आधी चष्मा काढून पुसतो, ‘गुंतागुंत आहे’ म्हणतो, आणि पक्षकाराचा जीव भांड्यात पडतो.

तरी सहा महिन्यांची मुदत ऐकून आण्णा वरमले. त्यांनी स्वतःच आपली हकिगत वहीत लिहून आणली. ती ७२ च्या दुष्काळापासून सुरू होत होती. रोजगार हमीची खडी, मिलोची भाकरी, तेव्हा आपल्या वडिलांनी शेजारच्याला दिलेली बाजरीची दोन पोती, हे सगळं तपशिलाने होतं. अडवलेली वाट मात्र शेवटून दुसऱ्या ओळीत. गुरुजींनी खिशातून लाल पेन काढलं. सवयीचा भाग. दुष्काळ गेला, पोती गेली, ‘नीच वृत्तीचा’ हे विशेषण गेलं, ‘नदीला’ची वेलांटी दुरुस्त झाली. शेवटी उरलं ते गट नंबर, वाटेची लांबी-रुंदी, अडवल्याची तारीख आणि ‘वाट खुली करून मिळावी’ ही विनंती. आण्णा त्या कागदाकडे असे पाहत राहिले, जसा एखादा कवी संपादकाने परत पाठवलेल्या कवितेकडे पाहतो.

गंमत अशी की वकील हवा की घरचंच माणूस पुरे, हा प्रश्न या शिरूर तालुक्याला नवा नाही. किंबहुना तो इथेच पेटला होता असं म्हटलं तरी चालेल. आमच्यापासून फार लांब नाही ते करडे गाव. १८७४ च्या डिसेंबरात तिथल्या एका सावकाराने कोर्टाचा हुकूमनामा मिळवला, देशमुखांचं घर विकत घेतलं आणि ते पाडायला काढलं. गावाने त्याच्यावर बहिष्कार टाकला. पाणी भरणारा मिळेना, दाढी करणारा मिळेना. पुढे १८७५ च्या १२ मेला भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात उठाव झाला आणि तो शिरूरच्या गावांतही पसरला. इतिहासाच्या पुस्तकात त्याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. शेतकरी सावकाराच्या दारात गेले ते मुख्यतः कागदासाठी. खतं, रोखे, हुकूमनामे बाहेर काढा, एवढंच मागणं. आपण अंगठा कशावर उठवला ते न कळलेल्या माणसांनी ते कागद चौकात जाळले. होळीत इतका वाचनीय मजकूर क्वचितच पडला असेल.

त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांपुरता. त्या कायद्यातलं एक कलम मला फार गोड वाटतं. समेट घडवणाऱ्या पंचापुढे किंवा गावच्या मुन्सफापुढे वकील आणायचाच नाही. दुय्यम न्यायाधीशापुढच्या या कायद्याखालच्या दाव्यातही रक्कम शंभर रुपयांच्या वर नसेल तर वकिलाला बंदी. मात्र सबळ कारण असेल तर पक्षकाराने आपला नातेवाईक, नोकर किंवा आश्रित सोबत आणावा, तो बोलेल. फक्त तो स्वतः वकील किंवा मुखत्यार नसावा. विलायतेत शिकलेल्या साहेबांनी केवढ्या विश्वासाने हे लिहिलं असेल! वकील म्हणजे भांडण वाढवणारा आणि नातेवाईक म्हणजे निरुपद्रवी, मायेचा माणूस. त्यांना कवठ्याला चार दिवस राहायला बोलवायला हवं होतं. इथे नातेवाईक सोबत आणायची गरजच पडत नाही, तो आधीच समोरच्या बाजूला उभा असतो.

त्याच कायद्यात शेतकऱ्याने करायचा दस्त सरकारने नेमलेल्या गावच्या निबंधकासमोर, त्याच्या देखरेखीखाली लिहिला जावा अशीही सोय होती. कागद लिहिणाऱ्याला सावकाराच्या ओसरीवरून उठवून सरकारच्या पायरीवर बसवलं. आणि आणखी एक कलम: समोरच्याने वकील दिला आणि शेतकऱ्याला तो परवडत नसेल, तर न्यायाधीशाने सरकारी वकिलाला किंवा दुसऱ्या योग्य, राजी असलेल्या माणसाला त्याच्या बाजूने उभं राहायला सांगावं. मोफत कायदेशीर मदतीचा जो कायदा पुढे १९८७ साली झाला आणि १९९५ च्या ९ नोव्हेंबरला अमलात आला, त्याचं बीज शंभराहून अधिक वर्षं आधी या आमच्या मुरमाड मातीत पडलं होतं. दुष्काळी मुलूख, उगवायला वेळ लागला.

वकिलांबद्दल मी जे लिहितो आहे ते चेष्टेचं वाटत असेल, तर तसं नाही. मला त्यांचा थोडा हेवाच वाटतो. त्यांच्या धंद्याचे नियम किती विरक्त आहेत बघा. जाहिरात करायची नाही. दारावरची पाटी माफक आकाराची असावी, असं बार कौन्सिलने लिहून ठेवलंय. जिंकलात तर एवढी फी द्या, असा सौदा करायचा नाही. म्हणजे यशात वाटा नाही आणि पाटीत मोठेपण नाही. आमच्या गावात वाढदिवसाच्या फ्लेक्सवर नुकत्याच जन्मलेल्या बाळाचाही फोटो चार फुटांचा असतो, तिथे हा संयम ऋषीचाच म्हणायचा. आणि पोलिसांनी दारात गाडी उभी केली, कोर्टाचं समन्स आलं, जमिनीच्या मालकीवरच कुणी दावा ठोकला, अपिलाची मुदत संपत आली, तर पारावर बसलेल्या कुणाच्याही नादी न लागता सरळ वकिलाकडे जावं; तिथे गुरुजीही हेच सांगतात. ‘‘इथून पुढे माझं काम नाही’’ हे वाक्य त्यांच्या तोंडून मी ऐकलं तेव्हा त्यांच्याबद्दलचा माझा आदर वाढला. खरी भीती या दोघांची नाहीच. वकील नाही, स्वयंसेवक नाही, तरी ‘साहेब आपल्या ओळखीचे आहेत’ म्हणत चहाच्या टपरीवर भेटतो, त्या तिसऱ्याची आहे. त्याच्याविषयी जास्त लिहीत नाही. तो वाचतो आणि ओळख दाखवतो.

आमचं गाव तसं न्यायनिवाड्याला सरावलेलं आहे ते कोर्टामुळे नाही, तमाशामुळे. बशीर मोमीन कवठेकर याच गावचे. फडांसाठी त्यांनी लावण्या लिहिल्या, वग लिहिले आणि राज्य सरकारचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. २०२१ मध्ये ते गेले. लहानपणी जत्रेत कनातीला टेकून पाहिलेल्या कुठल्याही वगात शेवटी राजाचा दरबार भरायचाच. फिर्यादी यायचा, प्रधान यायचा, मोठमोठी संस्कृताळलेली वाक्यं व्हायची आणि काहीच निकाल लागायचा नाही. मग सोंगाड्या पुढे येई. त्याला दरबारात मुळात बोलायचा हक्क नसायचा. तो राजाला नुसतं एवढंच विचारायचा, ‘‘महाराज, पण ह्यो माणूस म्हनतोय काय, ते कुनी इचारलं का?’’ सगळा तंबू हसायचा. निकाल त्यानंतर लागायचा. फडावर प्रधान हवाच, त्याच्याशिवाय दरबार दरबार वाटत नाही. पण विचारणारा दुसराच लागतो, हे आम्ही कनातीपाशी बसून शिकलो. शिकलेलं लक्षात मात्र राहिलं नाही.

कारण वाटेचं प्रकरण मिटलं आणि वाटपाचं निघालं. तहसीलदार येऊन गेले, दोन्हीकडचा चहा झाला, वाट सुटली, ट्रॉली आत गेली. भांडण संपल्याने आण्णांना जी पोकळी जाणवली, ती भरून काढायला घरातलीच जमीन पुरेशी होती. आजोबांच्या माघारी वारसनोंद झाली होती. सातबाऱ्यावर आण्णा, माझे वडील, धाकटे काका आणि आत्या अशी चार नावं. भावांना पंच्याऐंशीचं वाटप हवं होतं. महसुलाच्या कायद्यातल्या या कलमाने सगळे सहधारक राजी असतील तर तहसीलदारच वाटणी करून देतात; गावात सगळे नुसतं ‘पंच्याऐंशी’ म्हणतात. अडचण एकच. आत्याने हक्कसोडपत्र करून दिलं असतं तर काम सुटसुटीत झालं असतं. बहिणीने हक्क सोडायचा, भावांनी साडी घ्यायची. २००५ साली दिल्लीत कायदा बदलला तरी या साडीचा रिवाज आमच्याकडे काही बदलला नव्हता.

आत्याला दौंडकडे दिलेली. भीमेकाठचं काळं रान, उसाचा मुलूख. ती आली, सगळ्यांसाठी गुळाची ढेप घेऊन आली. दस्त तयार होता. फक्त सही राहिली होती. गुरुजी सहज म्हणून आले होते, त्यांना वाटलं वाचून दाखवावं. त्यांनी चष्मा लावला आणि चौथीच्या वर्गात धडा वाचावा तसं खणखणीत आवाजात सुरू केलं. चतुःसीमा झाल्या. आत्या मान डोलावत होती. ओढा, विहीर, चिंच, सगळं तिच्या पायाखालचं. मग ते वाक्य आलं, राजीखुशीने व अक्कलहुशारीने.

‘‘थांबा गुरुजी,’’ आत्या म्हणाली. ‘‘हे कोण म्हणतंय?’’

‘‘तुम्ही.’’

‘‘मी कधी म्हणाले?’’

गुरुजींनी कागद खाली ठेवला. बाँडरायटरने ते वाक्य लिहिलं होतं, कारण ते लिहायचंच असतं. भावांनी गृहीत धरलं होतं, कारण बहिणीचं तसंच असतं. एवढ्या माणसांमध्ये विचारायचं मात्र राहून गेलं होतं. ‘‘मग तुमचं काय म्हणणं आहे, बाई?’’ गुरुजी म्हणाले. त्यांनी लाल पेन खिशातच ठेवलं होतं.

आत्याचं म्हणणं फार नव्हतं. तिला जमीन नको होती. साडी तर मुळीच नको होती, दौंडला चांगल्या मिळतात. तिला तो उतारा बघायचा होता ज्याच्यावर तिचं नाव आहे. आजवर तिचं नाव लग्नपत्रिकेवर छापलं गेलं होतं आणि भांड्यांवर कोरलं गेलं होतं. या घराच्या जमिनीवर ते कधी आलं हेच तिला कुणी सांगितलं नव्हतं. धाकट्या काकांनी मोबाईलवर उतारा काढून दाखवला. पडद्यावर नको, म्हणाली, कागद पाहिजे. कागद आला. तिने तो चारदा दुमडून बटव्यात ठेवला आणि म्हणाली, ‘‘थोडे दिवस राहू दे माझ्याकडे. मग सोडते.’’

ते थोडे दिवस संपायची आण्णांनी बरीच वाट पाहिली. भाऊबिजेच्या ओवाळणीत वाढ केली, तिला ते खाजगीत ‘व्याज’ म्हणत. शेवटी त्यांच्या मनातली ती जुनी, राहून गेलेली हौस उसळून आली आणि मला सोबत घेऊन ते पुण्याला वकिलाकडे गेले. वकिलांनी शांतपणे ऐकलं, चष्मा काढून पुसला, गुंतागुंत आहे म्हणाले. आण्णा सुखावले. मग वकिलांनी पॅड पुढे ओढलं आणि विचारलं, ‘‘विरुद्ध पक्षकाराचं पूर्ण नाव?’’

आण्णांनी लहानपणी हाक मारायचं नाव सांगितलं. ‘‘तसं नाही, कागदावरचं.’’ आण्णांनी माहेरचं नाव सांगितलं. ‘‘सासरचं लागेल. वय?’’ आण्णा माझ्याकडे पाहू लागले. ‘‘माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान,’’ ते हळूच म्हणाले, ‘‘पण तिला खाली ‘विरुद्ध’ असंच लिहावं लागतं का?’’

बाहेर आल्यावर आण्णा शिवाजीनगरच्या एसटी स्टँडकडे वळलेच नाहीत. स्टेशनवर गेले आणि दौंडची दोन तिकिटं काढली. संध्याकाळी आत्याच्या ओट्यावर बसून त्यांनी तिला सांगितलं की डोळे दाखवायला पुण्याला आलो होतो, म्हटलं जाता जाता तुला भेटून जावं. दौंड हे पुण्याहून कवठ्याच्या वाटेवर लागत नाही, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

आत्याने पिठलं-भाकरी वाढली. आण्णांचा पहिला घास तोंडात जाईपर्यंत ती थांबली.

‘‘मग,’’ ती म्हणाली, ‘‘काय म्हणाला वकील?’’

‘‘मोतीबिंदू आहे म्हणाला,’’ आण्णा म्हणाले.

‘‘फी घेतली असेल ना?’’ तिने त्यांच्या पानात आणखी एक भाकरी टाकली. ‘‘मला फुकट मिळतो. गुरुजी सांगत होते, बाईमाणसाला उत्पन्नाचा दाखलासुद्धा लागत नाही. १५१०० ला फोन लावायचा, नाहीतर इथल्याच कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज द्यायचा. तुला पाहिजे असेल तर माझ्यातला अर्धा देते.’’